आराखडा बदलण्याचा अधिकार गावाला हवा

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या काठची गावे पाण्याखाली गेली, मराठवाड्यातील हजारो शेतांतील उभी पिके मातीसकट खरवडून निघाली, आणि त्यानंतर सुरू झालेली चर्चा अजून चालू आहे. दुर्दैवाने ती चुकीच्या प्रश्नाभोवती फिरते आहे. एका बाजूचे म्हणणे असे की गावपातळीवरचा पावसाचा अंदाज जोवर अचूक मिळत नाही, तोवर पाणलोट समित्यांनी आणि ग्रामसभांनी आराखडे करणे व्यर्थ आहे. आधी विज्ञान सुधारा, मग नियोजनाचे बोला. दुसरी बाजू सांगते की बाहेरच्या तज्ज्ञांची आणि संगणकीय प्रारूपांची गावाला गरजच नाही, पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवावर गाव आपले पाहून घेईल. माझ्या मते दोन्ही बाजू एकच चूक करत आहेत. पुढे काय होणार हे कोणाला तरी आधीच ठाऊक असले पाहिजे, असे दोघीही गृहीत धरतात. मतभेद आहे तो फक्त ते कोणाला ठाऊक आहे याबद्दल. पाणलोट समित्या, पाणीवापर संस्था, सामूहिक वनहक्क (म्हणजे गावाच्या जंगलाचा वापर आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क) मिळालेल्या ग्रामसभा यांना आज मदत हवी आहे ती वेगळ्या कामासाठी: कोणती खूण दिसली की कोणता निर्णय घ्यायचा हे आधीच ठरवून ठेवणे, आणि ती खूण दिसल्यावर हंगामाच्या मध्यातही आराखडा बदलता येईल असा अधिकार आणि पैसा हाताशी असणे.

अचूक अंदाजाच्या आग्रहापासून सुरुवात करू. 2023 सालचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. त्या वर्षी भारतीय हवामान विभागाने एप्रिलमध्ये देशासाठी सरासरीच्या 96 टक्के पावसाचा अंदाज दिला होता आणि हंगामाअखेर प्रत्यक्ष पाऊस 94 टक्के झाला. पाच टक्क्यांची मान्य त्रुटी लक्षात घेता हा अंदाज बरोबर होता. पण त्याच हंगामात जुलैमध्ये सरासरीच्या 113 टक्के पाऊस झाला, ऑगस्टमध्ये 64 टक्के, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा 113 टक्के. तो ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींतील देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. फुलोऱ्यात आणि शेंगा भरण्याच्या अवस्थेत आलेल्या सोयाबीनला हंगामाची सरासरी साधली गेल्याचा काय उपयोग? महाराष्ट्र शासनाला त्या ऑक्टोबरमध्ये 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. 2025 मध्येही अंदाज सरासरीपेक्षा अधिक पावसाचा होता आणि पाऊस सरासरीपेक्षा अधिकच झाला. म्हणजे एका वर्षी कोरडे पडलो, दुसऱ्या वर्षी वाहून गेलो, आणि दोन्ही वर्षी हंगामाचा अंदाज ढोबळमानाने खरा ठरला होता. अंदाज सुधारावेत, त्यासाठी अधिक पैसा खर्च व्हावा, महसूल मंडळ पातळीवरची स्वयंचलित हवामान केंद्रे नीट चालावीत, याबद्दल वाद असण्याचे कारण नाही. परंतु अंदाज खरा ठरूनही नुकसान होत असेल, तर दोष अंदाजाच्या अचूकतेत जितका आहे त्याहून अधिक तो अंदाज हाती आल्यावर काय करायचे हे न ठरवण्यात आहे.

आता अनुभवाच्या बाजूचे. या बाजूच्या म्हणण्यात मोठे तथ्य आहे आणि ते नाकारणाऱ्या तज्ज्ञांनी अनेक योजनांची माती केली आहे. कोणता नाला पहिल्या पावसात भरतो, कोणत्या शिवारातील विहिरी संक्रांतीला तळ गाठतात, कोणत्या बांधाखालून पाणी झिरपते, हे उपग्रहाच्या चित्रापेक्षा गावातील मेंढपाळाला अधिक नेमके ठाऊक असते. पण अनुभवाचे हे ज्ञान दोन प्रकारचे असते. एक जागेचे आणि दुसरे वेळेचे. मृग कधी बरसतो, पोळ्यापर्यंत काय स्थिती असते, हस्ताचा पाऊस रब्बीला किती ओल देऊन जातो, हे वेळेचे ज्ञान एका ठरावीक ऋतुचक्रावर उभे होते. 2025 मध्ये मोसमी पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच मुंबईत दाखल झाला. काही वर्षी तो जूनच्या शेवटापर्यंत वाट पाहायला लावतो. जागेचे ज्ञान आजही तितकेच खरे आहे. वेळेचे ज्ञान मात्र मोडकळीला आले आहे, आणि ते सर्वांत आधी ओळखले ते गावातल्याच जाणत्या लोकांनी. त्यांना एकटे सोडून देणे हा त्यांच्या अनुभवाचा सन्मान कसा होईल?

मग आज गावाच्या हातात जो आराखडा असतो तो कसा असतो? बहुतेक ठिकाणी त्याचा पाया पाण्याचा ताळेबंद हा असतो. हिशेब सोपा आहे: एका हेक्टरवर एक मि.मी. पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या गावावर 500 मि.मी. पाऊस पडला तर 500 कोटी लिटर पाणी आले. त्यातून बाष्पीभवन, वाहून जाणारे, जमिनीत मुरणारे असे वाटे करायचे, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, उरलेल्यात पिके बसवायची. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने आयआयटी मुंबईच्या मदतीने हा हिशेब बराच काटेकोर केला, अटल भूजल योजनेने तो ग्रामपंचायतींच्या जलसुरक्षा आराखड्यात आणला, आणि दोन्ही कामे मोलाची आहेत. पण 500 मि.मी. पाऊस पन्नास दिवसांत पडणे आणि आठ दिवसांत पडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात विहिरी भरतात, दुसऱ्यात सांडवे फुटतात. सरासरीवर बेतलेला एकच ताळेबंद हा फरक गिळून टाकतो, आणि मग तीन किंवा पाच वर्षांसाठी मंजूर झालेला आराखडा पहिल्याच विपरीत हंगामात कपाटात जातो. एका ताळेबंदाऐवजी तीन असावेत: पाऊस उशिरा आला तर, मध्येच तीन-चार आठवड्यांचा खंड पडला तर, आणि थोड्या दिवसांत कोसळला तर. हे तीन ताळेबंद मेमध्ये ग्रामसभेपुढे ठेवायला कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.

इथे महाराष्ट्राच्या भूगर्भाची एक गोष्ट या युक्तिवादाच्या बाजूने उभी राहते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. साठा लहान असतो. एका चांगल्या पावसात भरतो आणि अनेक ठिकाणी एका वर्षात रिता होतो. गंगेच्या खोऱ्यातील जाड गाळाप्रमाणे तो अनेक वर्षांची शिल्लक सांभाळत नाही. आजवर आपण याकडे केवळ दुर्बलता म्हणून पाहिले. पण याचाच अर्थ असा की ऑक्टोबरमध्ये मोजलेली पातळी त्या वर्षीच्या रब्बीबद्दल जवळजवळ सर्व काही सांगून टाकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जूनमधील पावसाचे काय होणार हे अनिश्चित आहे. ऑक्टोबरमध्ये विहिरीत किती पाणी आहे यात मात्र अनिश्चित काहीच नाही. निर्णय अंदाजावर टांगण्याऐवजी अशा मोजता येणाऱ्या खुणेवर टांगला, तर अनिश्चिततेचा निम्मा भार तिथेच उतरतो.

हे करून दाखवलेले गाव सर्वांना माहीत आहे. सुमारे 400 मि.मी. पावसाच्या हिवरे बाजारमध्ये पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून रब्बीची पिके ठरतात. सिंचनासाठी बोअर घेण्यावर आणि ऊस-केळीवर तिथे बंदी आहे. यावर लगेच येणारा आक्षेप असा, की प्रत्येक गावाला हिवरे बाजारचे नेतृत्व करणारे पोपटराव पवार मिळत नाहीत. आक्षेप खरा आहे, आणि आदर्श गावाच्या कहाण्या सांगून नेतृत्वाचा प्रश्न सुटत नाही. पण नेतृत्वाच्या चमत्काराविना शतकानुशतके चाललेली व्यवस्थाही याच राज्यात आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत विभागलेली असे आणि एका फडात एकच पीक घेतले जाई. कोणत्या फडात कोणते पीक हे हंगामाच्या तोंडाशी, बंधाऱ्यात येणाऱ्या पाण्याकडे पाहून ठरे. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे क्षेत्रच कमी केले जाई. पाणी सोडायला पाटकरी होता, राखणीला जागल्या होता, आणि दोघांना धान्याच्या रूपाने मोबदला मिळे. म्हणजे नोंद ठेवणे आणि नियम राबवणे हे कोणाच्या उत्साहावर सोडलेले नव्हते. ते पगारी काम होते. आजच्या समित्यांत हेच नाही. सचिव बिनपगारी असतो, पर्जन्यमापक असलाच तर शाळेच्या गच्चीवर गंजतो, आणि प्रकल्पाची मुदत संपली की समितीचे दप्तरही संपते. नेतृत्व निर्माण करणे शासनाच्या हातात नसेल, पण पाटकऱ्याला मोबदला देणे नक्कीच आहे.

दुसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. गाव म्हणजे एकजिनसी समूह नव्हे. ज्याची विहीर खोल, ज्याच्याकडे शेततळे आणि प्लास्टिकचे अस्तर, ज्याच्या घरात सोसायटीचे अध्यक्षपद, तोच समितीत बोलतो. अशा समितीला हंगामाच्या मध्यात आराखडा बदलण्याची मुभा दिली तर ती भूमिहीनांच्या, स्त्रियांच्या, मेंढपाळांच्या वाट्याचे पाणी आधी कापेल, अशी भीती आहे. ही भीती अनाठायी नाही. अनेक गावांत शेततळी पावसाच्या पाण्याऐवजी विहिरींतून उपसलेल्या पाण्याने भरली जातात आणि सर्वांच्या भूजलाची खासगी साठवण होऊन उन्हाळ्यात त्यातले बरेच पाणी उडून जाते. पण नीट पाहिले तर हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. टंचाई अंगावर आल्यावर घेतलेला निर्णय नेहमी बलवानाच्या बाजूने झुकतो. पाऊस पडण्याआधी, म्हणजे या वर्षी नुकसान कोणाचे होणार हे कोणालाच ठाऊक नसताना, ठरवलेला नियम न्याय्य असण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग उभारला तेव्हा नेमके हेच केले. पाण्याचा हक्क जमिनीशी न जोडता माणसाशी जोडला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मज्जाव. असा नियम टंचाईच्या भर मार्चमध्ये संमत झाला असता का? अनिश्चितता ही इथे अडचण न राहता न्यायाची संधी ठरते, मात्र नियम वेळेआधी लिहिला गेला तरच.

तिसरा आक्षेप लेखापरीक्षकाचा आहे. बदलता आराखडा म्हणजे पळवाट. ठरलेले उद्दिष्ट असेल तर जाब विचारता येतो, रोज बदलणाऱ्या कागदाला कोण काय विचारणार? शासकीय पैशाच्या बाबतीत हा प्रश्न रास्तच आहे. पण ठरलेल्या उद्दिष्टाने जबाबदारी किती साधली? 2014 च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाचे उद्दिष्ट 2019 पर्यंत दुष्काळमुक्त महाराष्ट्र हे होते. ऑक्टोबर 2018 मध्ये शासनाने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि 2020 साली मांडलेल्या अहवालात कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, नोंदवले की 9,600 कोटींहून अधिक खर्च होऊनही गावांची पाण्याची गरज भागवणे आणि भूजल पातळी वाढवणे यांवर पुरेसा परिणाम झाला नाही. त्या अभियानात काही गावांत उत्तम कामे झाली, लोकांनी घाम गाळला, हे मला मान्य आहे. पण मोजमाप झाले ते किती बंधारे बांधले, किती नाले खोल केले याचे. ठरलेली खूण दिसल्यावर ठरलेली कृती किती दिवसांत झाली, याचे मोजमाप करणे बंधारे मोजण्याइतकेच सोपे आहे. ऑक्टोबरची पातळी अमुक मीटरखाली गेली. ग्रामसभा पंधरा दिवसांत भरली की नाही, उन्हाळी पिकाला मनाई झाली की नाही, ती पाळली गेली की नाही? यात पळवाट कुठे आहे?

एकाच सरासरीवर विसंबलेल्या नियोजनाचे काय होते याचा मोठा धडा अमेरिकेतील कोलोरॅडो नदीने दिला आहे. 1922 साली तेथील सात राज्यांसाठी पाणीवाटपाचा करार झाला. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी 75 लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभे राहील इतके) पाणी कायमचे वाटून देण्यात आले. त्यापूर्वीची जवळजवळ दोन दशके असाधारण ओली होती आणि करारातले आकडे त्याच वर्षांवर बेतले होते. नदीत तेवढे पाणी नेहमी नसते हे पुढे झाडांच्या वर्षवलयांवरून स्पष्ट झाले, पण तोवर शहरे, कालवे आणि शेती त्या आकड्यांवर उभी राहिली होती. शंभर वर्षे वकिलांना पोसणाऱ्या या वादात एक गोष्ट मात्र चालली. 2007 मध्ये राज्यांनी मान्य केले की या नदीवरील मीड जलाशयाची पातळी 1,075 फुटांखाली जाणार असे दिसले की कपात लागू होईल, आणि कोणाच्या वाट्याची किती, हेही तेव्हाच ठरले. ऑगस्ट 2021 मध्ये ती वेळ आली आणि इतिहासात प्रथमच कपात जाहीर झाली. ती पुरेशी नव्हती, आणि ती फार उशिरा लागू होईल अशा पातळीवर बेतलेली होती, ही टीका योग्यच आहे. पण एकमेकांना न्यायालयात खेचणाऱ्या राज्यांनी ती कपात स्वीकारली, कारण ती आधी ठरलेली होती.

असे नियम आपल्याकडे परके आहेत असेही नाही. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या ब्रिटिशांच्या दुष्काळ संहितांत चाचणी कामे काढून त्यावर किती माणसे येतात यावरून दुष्काळ ओळखण्याची पद्धत होती. त्या राजवटीचा कंजूषपणा आणि क्रौर्य विसरता येणार नाही, पण खूण आणि कृती यांची जोडी त्यात होती. आपल्या रोजगार हमी योजनेने त्याहून कितीतरी माणुसकीची गोष्ट केली. मंजूर कामांची यादी तालुक्यात तयार ठेवायची आणि मजुराने काम मागितले की पंधरा दिवसांत ते उघडायचे. कोणत्या वर्षी दुष्काळ पडणार हे या योजनेचे जनक वि. स. पागे यांना ठाऊक नव्हते. तो पडला तर काय करायचे हे मात्र त्यांनी ठरवून ठेवले. आजच्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेतही पावसाचा खंड, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा, वनस्पतींची स्थिती यांवर आधारलेले ट्रिगर, म्हणजे ठरलेल्या खुणा, आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे की ही सारी शिस्त नुकसान झाल्यावर मदत वाटण्यापुरतीच का? तीन आठवड्यांचा खंड पडला की जिल्हाधिकारी कार्यालयात एक फाईल हलते. त्याच खंडाच्या दहाव्या दिवशी पाणलोट समितीला संरक्षित सिंचनाची (पीक वाचवण्यापुरत्या पाण्याची) पाळी ठरवण्याचा, शेततळ्यातले पाणी मोबदला देऊन शेजारच्या शेताला वळवण्याचा, किंवा सार्वजनिक विहिरीवरचा उपसा थांबवण्याचा अधिकार का नसावा? 2009 च्या भूजल कायद्यात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची आणि पाण्यानुसार पीक आराखड्याची कल्पना आहेच. ती कागदावरून शिवारात यायला हवी.

जंगलाच्या बाबतीत ही गरज आणखी निकडीची आहे. 2009 मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, त्यानंतर विदर्भातील शेकडो ग्रामसभा आपल्या जंगलाचे व्यवस्थापन करू लागल्या. वनविभागाची कार्य आयोजना, म्हणजे जंगलाच्या कामांचा आराखडा, सामान्यतः दहा वर्षांची असते, आणि ग्रामसभांनाही त्याच साच्यातले आराखडे करायला सांगितले जाते. पण तेंदूपानाचा हंगाम मे महिन्यातल्या थोड्या आठवड्यांचा असतो. अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली की पान डागाळते, पाने गोळा करून वाळवण्याची फळी भिजते, आणि वर्षभराचे उत्पन्न जाते. अशा ग्रामसभेला दहा वर्षांचा कागद काय कामाचा? तिला हवी आहे ती लिलावाच्या अटींत अवकाळीची तरतूद, वणवा रोखणाऱ्या जाळरेषा कधी काढायच्या हे कॅलेंडरऐवजी वाळलेल्या पाचोळ्यावरून ठरवण्याची मुभा, आणि या वर्षीच्या चुकीची नोंद पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घेणारी वार्षिक बैठक.

गाव पातळीवर हे सारे करूनही सीनेचा पूर अडला नसता, हे मी मान्य करतो. 594 मि.मी. पाऊस एका दिवसात पडला, जसा जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला पडला, तर कोणत्याही समितीचा आराखडा त्याला पुरा पडणार नाही. तिथे धरणांतून पाणी केव्हा आणि किती सोडायचे हे ठरवणाऱ्या परिचालन सूची, खोऱ्याचे नियोजन आणि नदीपात्रातील अतिक्रमणे यांचाच विचार करावा लागेल, आणि तो राज्यांनी मिळून करावा लागेल. गावाला सक्षम करण्याच्या नावाखाली शासनाने आपली जबाबदारी गावावर ढकलू नये. मात्र वरच्या धरणातून किती विसर्ग होणार आणि तो किती तासांत पोहोचणार, ही खूणही खालच्या गावाच्या आराखड्यात लिहिलेली असली पाहिजे. मोटारी कधी काढायच्या, जनावरे कोणत्या टेकाडावर न्यायची, हे पाणी गोठ्यात शिरल्यावर ठरवायचे नसते.

राहतो पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. फक्त 40 टक्के मोकळा. योजनांचा निधी तर कामनिहाय मंजूर होतो आणि कामाचा प्रकार बदलायचा तर प्रस्ताव पुन्हा जिल्ह्यापर्यंत जातो. तेवढ्यात हंगाम संपतो. त्याहून अवघड गोष्ट अशी की सावधगिरीचीही किंमत असते. समजा, ऑक्टोबरची पातळी खाली गेली म्हणून एखाद्या गावाने ठरल्याप्रमाणे उन्हाळी कांदा सोडून हरभरा घेतला, आणि जानेवारीत अवकाळी पाऊस होऊन पाणी पुरले असते असे दिसले. त्या गावाने केलेले चूक नव्हते. हाती असलेल्या माहितीवर तो योग्य निर्णय होता. पण शेतकऱ्याचे उत्पन्न बुडाले आणि शेजारच्या, नियम न पाळणाऱ्या गावाने कांदा विकून पैसे केले. पुढच्या ऑक्टोबरमध्ये हे गाव आपला ठराव पाळील का? 2025 च्या अतिवृष्टीनंतर राज्याने 31,628 कोटींचे मदत पॅकेज जाहीर केले. नुकसान झाल्यावर इतकी रक्कम उभी राहू शकते, तर तिचा लहानसा भाग नुकसान टाळण्यासाठी स्वतःचे उत्पन्न सोडणाऱ्या गावांची तूट भरून काढायला आधीच बाजूला ठेवता येईल. त्याची अट एकच असावी: नियम मेमध्ये लिहिलेला, पातळी ऑक्टोबरमध्ये मोजलेली, आणि ठराव ग्रामसभेच्या वहीत नोंदवलेला.